मुलांचा लठ्ठपणा: उपचार निवडताना काय पाहावं, काय विचारावं

"मॅडम, आधी हिची मान बघा," असं म्हणत आईने नववीतल्या लेकीची वेणी बाजूला केली. मानेच्या मागच्या बाजूला मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा होता आणि त्याच्या कडेची कातडी लालसर होऊन सोलली होती. दोन महिने रोज अंघोळीच्या वेळी लिंबू आणि बेसन लावून घासणं चाललं होतं. मुलगी खाली बघत दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती.

तो काळेपणा मळाचा नसतो. शरीराला इन्सुलिन नीट लागू पडेनासं झालं की ते जास्त प्रमाणात तयार होतं, आणि त्यामुळे मानेवरची, काखेतली कातडी अशी जाड आणि काळी होते. डॉक्टर त्याला अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. घासून तो जात नाही, फक्त पोरीला आग होते. वजन आणि इन्सुलिन आटोक्यात आलं की तो हळूहळू फिका पडतो.

मी मुलांच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ म्हणून बसते. आमच्याकडे येणारे पालक बहुधा दोनपैकी एक गोष्ट मनाशी धरून येतात. काहींना वाटतं, वयात आली की उंची वाढेल आणि आपोआप बारीक होईल. काही जण मोबाइलवर वाचून आलेले असतात आणि पहिला प्रश्न असतो, "वजन उतरवायचं ते इंजेक्शन हिला देता येईल का?" या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही आहे. दहा ते अठरा वयाच्या मुलांचे आईवडील आणि स्वतः वाचू शकणारी मुलं, दोघांसाठी मी हे लिहितेय. उपचार कोणता निवडायचा हे क्रमाने ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना मूल समोरच्या खुर्चीत बसलेलं असावं, ही माझी यातली सगळ्यात आग्रहाची गोष्ट आहे.

पायरी १: आकडा नीट काढा

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. या मुलीचं वजन ८२ किलो, उंची १५५ सेंटीमीटर. १.५५ चा वर्ग २.४०, त्याने ८२ ला भागलं की साधारण ३४ येतात. मोठ्या माणसांना सगळ्यांना एकच सीमा लावता येते. वाढत्या मुलांना तसं चालत नाही, कारण वयानुसार आणि मुलगा आहे की मुलगी यानुसार बीएमआय बदलत जातो. म्हणून हा आकडा तक्त्यावर मांडायचा असतो.

आपल्याकडे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतात. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांच्या मोजमापांवरून ते तयार केले. त्यातल्या वरच्या दोन रेषा पाहायच्या. ज्या रेषेवरून वाढत गेलेलं मूल मोठेपणी २३ बीएमआयवर पोचेल, ती अतिवजनाची. २७ वर पोचेल, ती लठ्ठपणाची. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून या रेषा मुद्दाम खाली धरल्या आहेत.

औषध किंवा शस्त्रक्रियेचा विषय निघाला की डॉक्टर आणखी एक हिशेब करतात. अमेरिकी तक्त्यातली ९५ वी पर्सेंटाइल रेषा (त्या वयाच्या शंभरातल्या ९५ मुलांचा बीएमआय जिच्या खाली धरला आहे ती) घ्यायची आणि मुलाचा बीएमआय त्या रेषेच्या किती टक्के आहे ते काढायचं. १२० टक्के किंवा त्याच्या वर गेला की तीव्र लठ्ठपणा, १४० टक्क्यांच्या वर त्याहून तीव्र. चौदा वर्षांच्या मुलीसाठी ही रेषा २७ च्या आसपास असते. म्हणजे ३४ बीएमआय असलेली ही मुलगी तीव्र गटात, पण त्यातल्या पहिल्या टप्प्यावर आहे.

सोबत शिंप्याच्या टेपने कमरेचा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडलेला असताना. हा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला तर चरबी पोटात साठतेय, आणि त्रास देणारी चरबी हीच असते. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्या मुलांचा बीएमआय नुसत्या स्नायूंमुळेही जास्त येऊ शकतो. त्यांच्या बाबतीत टेप काट्यापेक्षा खरं सांगते.

पायरी २: मागे दुसरं कारण नाही ना, बघा

"थायरॉइड असेल" हे वाक्य मी रोज ऐकते. खरं तर मुलांमधला ठळक लठ्ठपणा थायरॉइडने होणं कमीच. ओळखायची एक सोपी खूण आहे. जास्त खाण्याने वजन वाढलेलं मूल बहुधा वर्गातल्या इतरांपेक्षा उंच असतं. वजन वाढतंय आणि उंची मात्र अडली आहे, असं दिसलं तर हार्मोनची तपासणी आधी झाली पाहिजे. लसीकरणाच्या कार्डावर आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंचीच्या नोंदी असतात, त्या शोधून काढा.

पाच वर्षांच्या आतच वजन भराभर वाढलं, आणि मूल पोटभर जेवूनही सतत खायला मागत राहिलं, रात्री उठून खायला लागलं, तर जनुकीय कारणाचा विचार करावा लागतो. अशी मुलं थोडीच, पण त्यांचा मार्ग वेगळा असतो. काहींसाठी सेटमेलॅनोटाइडसारखं खास औषधही आहे. त्यांना "खादाड" म्हणून बोल लावणं फार वाईट आहे, कारण पोट भरल्याचा निरोपच त्यांच्या मेंदूला नीट पोचत नसतो.

चालू असलेली औषधंही सांगा. दम्यासाठी किंवा किडनीच्या आजारासाठी तोंडावाटे दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारांसाठीची रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन यांनी वजन वाढतं. मनाने मात्र यातलं एकही बंद करू नका. पर्याय काय आहे ते ज्यांनी लिहून दिलं त्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

पायरी ३: शरीरावर काय परिणाम झालाय ते तपासा

उपचार किती नेटाने करायचा हे वजनाच्या आकड्यापेक्षा इथे जास्त ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने लठ्ठपणाचे दोन भाग सांगितले: चरबी जास्त आहे पण अवयव अजून नीट चालताहेत तो एक, आणि अवयवांवर किंवा रोजच्या हालचालींवर परिणाम झालाय तो दुसरा. एकाच वजनाची दोन मुलं या हिशेबाने वेगवेगळ्या उपचाराला लागू शकतात.

साधारणपणे रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी), कोलेस्टेरॉल आणि यकृतासाठी एसजीपीटी पाहतात. गरज वाटली तर पोटाची सोनोग्राफी. रक्तदाब मोजताना दंडाला पुरेल एवढा मोठा पट्टा असावा. लहान पट्ट्याने दाब खोटाच जास्त दिसतो.

घरी लक्ष ठेवायच्या गोष्टी वेगळ्या. मूल रात्री जोरात घोरतं का, मध्येच श्वास अडतो का, दिवसा वर्गात डुलक्या काढतं का? मुलीची पाळी दोन-तीन महिने लांबते का, हनुवटीवर केस येताहेत का? यात पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोनचा विकार, असू शकतो. आणि दोन खुणा अशा, की त्या दिसल्या तर वजनाच्या भेटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जायचं. एक, मांडी, जांघ किंवा गुडघा दुखून मूल लंगडायला लागलं तर, कारण जाड मुलांमध्ये खुब्याचं हाड वाढीच्या ठिकाणी सरकू शकतं आणि त्यावर तातडीने ऑपरेशन लागतं. दुसरी, सततची डोकेदुखी आणि सोबत अंधूक किंवा दुहेरी दिसणं.

पायरी ४: मुलाला एकट्याला बोलू द्या

त्या दिवशी मी आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. मुलगी आधी गप्पच होती. मग म्हणाली, "आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. मला दुसऱ्या मजल्यावरच धाप लागते. मैत्रिणींना कळू नये म्हणून मी खाली बसून बुटाची नाडी बांधते. त्या पुढे गेल्या की मग उठते."

किती किलो कमी करायचे याचा तिने एकदाही उल्लेख केला नाही. आईला मान गोरी हवी होती, बाबांना वाटत होतं पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको, आजीचं म्हणणं होतं की खात्यापित्या घरची पोर आहे, असू दे. पोरीला फक्त न थांबता तीन जिने चढायचे होते. तिच्या कागदावर मी उद्दिष्ट म्हणून तेच लिहिलं, आणि पुढचे सगळे पर्याय त्या वाक्याशेजारी ठेवून पाहिले.

प्रत्येक मुलाला असं काहीतरी हवं असतं. कुणाला पोहायला जायचंय पण पोहण्याचे कपडे घालायची लाज वाटते. कुणाला एनसीसीत निवड हवी असते. कुणाला चिडवणं थांबायला हवं असतं, आणि ते काम वजन कमी करण्याच्या आधी शाळेत जाऊन करायचं असतं. कुणी सांगतं की रात्री सगळे झोपल्यावर फरसाणाचा डबा रिकामा होईपर्यंत हात थांबत नाही आणि नंतर रडू येतं. हे ऐकलं तर थांबा. तो भूक न आवरता येण्याचा आजार असू शकतो, आणि अशा मुलाला कडक डाएट दिलं तर तो बळावतो. त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञ दाखवायचा. मूल जेवणं टाळतंय, मुद्दाम उलटी काढतंय, मरणाबद्दल बोलतंय, तर तेच आणि त्याच दिवशी.

अठराच्या आत संमतीची सही आईबाबांची असते. पण रोज गोळी घेणारं, सुई टोचून घेणारं, डब्यात काय न्यायचं ते सांभाळणारं मूलच असतं. ज्याला मुलाने "हो" म्हटलेलं नाही असा उपचार दोन महिन्यांच्या पुढे टिकलेला मी क्वचितच पाहिलाय.

पायरी ५: पर्याय समजून घ्या

*सगळ्या घराने बदलणं*

प्रत्येक मुलासाठी सुरुवात इथूनच होते आणि पुढे औषध किंवा ऑपरेशन झालं तरी हे चालूच राहतं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलंय: नुसती वाट पाहत बसू नका, आणि उपचार द्यायचा तर कुटुंबासह, समोरासमोर, तीन ते बारा महिन्यांत मिळून किमान २६ तास द्या. २६ तास! आपल्याकडे एका भेटीत मिळतात पंधरा मिनिटं आणि हातात छापील डाएट चार्ट. त्या चार्टने काही झालं नाही की "हिच्याच्याने होत नाही" असा शिक्का पोरीवर बसतो. उपचार पुरेसा मिळालाच नव्हता हे कुणी बघत नाही. म्हणून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ निवडताना हे विचारा: पुढचे सहा महिने आम्हाला किती वेळा भेटाल? दर दोन-तीन आठवड्यांनी भेट आणि मध्ये फोन, एवढं तरी हवं. मुलांचा गट एकत्र भेटत असेल तर फारच चांगलं.

घरात काय करायचं? मी पहिल्या भेटीत चार्ट देत नाही. किराणाची यादी मागवते. या मुलीच्या घरी चार माणसांत महिन्याला चार लिटर तेल संपत होतं. म्हणजे माणशी रोज ३३ मिलिलिटर, जवळपास पावणेतीनशे कॅलरी, आणि बाहेरचं खाणं वेगळं. एकट्या मुलीला तेल कमी करता येत नाही, कारण कढई एकच असते. तेलाची बरणी ओट्यावरून उचलून फडताळात ठेवली, फोडणीला चमचा वापरायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या महिन्यात पाऊण लिटर उरलं. कुणाच्या तोंडाची चव गेली नाही.

दुसरं पेयांचं. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, साधारण सहा-सात चमचे. तेवढी साखर चहात घालून कुणी पिणार नाही. पाकिटातले फळांचे रसही याच जातीचे. ताक, लिंबू-मीठ-पाणी, साधं पाणी यांवर येणं हा सगळ्यात स्वस्त बदल आहे.

ताटात पोळी मोजून द्यायला लागलात की पोरगं ताटावरून उठून बाहेर वडापाव खातं. त्यापेक्षा ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबिरीने भरा. मोडाची मटकी, उसळ, घट्ट वरण, अंडं, मासे यांतलं काहीतरी दोन्ही वेळा असू द्या. मग भाकरी किंवा पोळी भुकेप्रमाणे. क्लासहून सातला आल्यावर जी भूक लागते तिची सोय आधी करून ठेवा. भाजलेले फुटाणे, उकडलेली शेंग, फळ हाताशी असलं तर बिस्किटाचा पुडा उघडला जात नाही. संकष्टीला किंवा आषाढीला उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्ला तर वजन वाढतंच, त्यामुळे "उपास करून बारीक होऊ" हा मार्ग सोडून द्या.

पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगाला घाम येईल एवढं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जाड मुलाला मैदानावर पळायला लावलं की ते पहिल्याच दिवशी मागे पडतं आणि पुन्हा जात नाही. पोहणं, सायकल, नाच, लेझीम, ढोलपथकाचा सराव, जे आवडतं तिथून सुरू करा. आमच्या मुलीने शाळेच्या जिन्यापासूनच सुरू केलं: मधल्या सुट्टीत, गर्दी नसताना, मैत्रिणीला बरोबर घेऊन. झोपही मोजा. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात. पहाटेचा क्लास आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल, यांत ती सहावर येते, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

यातून किती अपेक्षा ठेवायची? उंची वाढत असलेल्या मुलाचं वजन नुसतं आहे तिथे थांबलं तरी बीएमआय खाली येतो. तीव्र लठ्ठपणात मात्र एवढ्याने बीएमआय थोडाच उतरतो. साखर, रक्तदाब, दम आणि मन यांत मात्र आकड्यापेक्षा जास्त फरक पडतो. एवढं करूनही पुरेसं झालं नाही, तर तो मुलाचा आळस समजू नका. वजन उतरू लागलं की शरीर भुकेची हार्मोन्स वाढवतं, खर्च कमी करतं. त्या ओढीविरुद्ध किती काळ लढायचं यालाही मर्यादा असते.

*औषधं*

बारा वर्षांच्या वर, लठ्ठपणा असेल तर औषधाचा विचार घरातल्या बदलांना जोडून करता येतो, असं त्याच २०२३ च्या मार्गदर्शनात म्हटलंय. सध्या ज्याची चर्चा आहे ते सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचतात. ते पोट हळू रिकामं करतं आणि मेंदूला भूक भागल्याचा निरोप देतं. बारा ते अठराच्या आतल्या २०१ मुलांवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचा बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. नुसती खोटी सुई आणि सल्ला मिळालेल्यांचा जवळपास तिथेच राहिला. त्यानंतर अमेरिकेत बारा वर्षांवरच्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. लिराग्लुटाइड त्याच जातीचं, पण रोज टोचावं लागतं आणि परिणाम कमी.

दुसरी बाजूही तेवढीच नीट ऐका. त्याच अभ्यासात औषध घेणाऱ्या दर दहांपैकी सहा मुलांना मळमळ, उलटी, जुलाब यांसारखा पोटाचा त्रास झाला, आणि काहींना पित्ताशयात खडे झाले. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर हे औषध देत नाहीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर सांगा. भूक इतकी कमी होते की वाढत्या मुलाचं प्रथिनांचं खाणं मागे पडू शकतं, म्हणून आहारतज्ज्ञाची गरज औषधाबरोबर वाढते. आणि औषध बंद केलं की भूक परत येते. मोठ्या माणसांत तर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आलेला दिसलाय. सुरू करण्याआधी "किती वर्षं?" या प्रश्नावर घरात बोलणं व्हायला हवं.

भारतात टिर्झेपॅटाइड (हेही आठवड्यातून एकदा टोचायचं असंच औषध) मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये बाजारात आलं. मोठ्यांसाठी मिळालेली मान्यता मुलांना आपोआप लागू होत नाही. आपल्या मुलाच्या वयासाठी हे औषध इथे मान्य आहे का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. बाबांच्या मधुमेहाच्या इंजेक्शनच्या पेनातून मुलाला "थोडंसं" देऊन बघणारी घरंही असतात. कृपा करून असं करू नका.

ऑर्लिस्टॅट ही गोळी जुनी आहे. खाल्लेल्या चरबीपैकी साधारण एक तृतीयांश पचू देत नाही. फायदा बेताचा, आणि तेलकट शौच अचानक होते. शाळेच्या स्वच्छतागृहांची अवस्था माहीत असलेलं मूल ही गोळी फार दिवस घेत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. मेटफॉर्मिन टाइप २ मधुमेहासाठी दहा वर्षांपासून देता येतं, पीसीओएसमध्येही देतात. नुसत्या वजनासाठी त्याचा उपयोग थोडाच.

*शस्त्रक्रिया*

ऐकूनच पालक दचकतात. तेरा वर्षांवरची मुलं, बीएमआय त्या ९५ व्या रेषेच्या १२० टक्क्यांवर आणि सोबत मधुमेह, झोपेत श्वास अडणं, यकृताला सूज यांसारखा आजार, किंवा आजार नसला तरी १४० टक्क्यांवर, अशांना निदान बोलणी करायला तरी सर्जनकडे पाठवावं, असं मार्गदर्शन आहे. बोलणी केली म्हणजे ऑपरेशन ठरलं असं होत नाही.

स्लीव्ह ऑपरेशनमध्ये दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. तो परत जोडता येत नाही. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अमेरिकेत २००७ ते २०१२ मध्ये ऑपरेशन झालेल्या २४२ मुलांचा टीन-लॅब्स या अभ्यासात पाठपुरावा झाला. तीन वर्षांनी वजन सरासरी २७ टक्क्यांनी कमी होतं आणि टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ९५ टक्के मुलांचा मधुमेह मागे हटला होता. इतका परिणाम दुसऱ्या कोणत्याच उपचाराचा नाही. त्याच मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या शरीरातला लोहाचा साठा मात्र कमी झाला होता, आणि १३ टक्क्यांना पोटाचं आणखी एखादं ऑपरेशन लागलं होतं.

आपल्याकडे शाकाहारी घरात बी१२ आधीच कमी असतं आणि मुलींचं हिमोग्लोबिन आधीच खाली. त्यामुळे ऑपरेशननंतर लोह, बी१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, रक्त तपासत राहायचं, हे सोळा वर्षांच्या मुलाला जमेल का याचा अंदाज आधी घ्यावा लागतो. मी त्यासाठी एक परीक्षा घेते: ऑपरेशनच्या तीन महिने आधीपासून साधी जीवनसत्त्वाची गोळी रोज घ्यायची, आईने आठवण न करता. मोठ्या मुलींना आणखी एक सांगावं लागतं. वजन उतरल्यावर बीज नियमित तयार होऊ लागतं आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. पहिलं दीड वर्ष तरी तो टाळायला हवा. हा विषय आईसमोर निघत नाही, म्हणून डॉक्टरांनी एकटीशी बोलावं.

*ज्यांच्या वाटेला जाऊ नये*

पंधरा दिवसांत दहा किलो, घाम काढणारे पट्टे, जेवणाऐवजी पावडरचे डबे, घटक न लिहिलेल्या पुड्या. वाढीच्या वयात यांनी स्नायू आणि केस आधी जातात, काहींनी यकृतही बिघडतं.

पायरी ६: निवड करताना विचारायचे प्रश्न

हे कागदावर लिहून न्या. निम्मे प्रश्न मुलाने विचारायचे असं आधीच ठरवा.

- या उपचाराने माझ्या बाबतीत काय सुधारेल? वजन सोडून सांगा.
- किती महिन्यांत फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर पुढे काय?
- सर्वांत जास्त वेळा होणारा त्रास कोणता? त्या दिवशी शाळेत जाता येईल का?
- बंद केला तर काय होईल?
- दहावी-बारावीच्या वर्षात सुरू करावा की थांबावं?
- महिन्याचा खर्च, तपासण्या धरून, किती?

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत वजनावरच्या उपचारांसाठी एक ठरावीक वगळणूक असते. शस्त्रक्रियेचा खर्च द्यायचा तर बीएमआय आणि आजाराच्या अटींबरोबर रुग्णाचं वय अठरा किंवा जास्त हवं, असं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे शाळकरी मुलाच्या ऑपरेशनचा खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो. आधी पॉलिसीचं ते पान वाचा, नंतर रुग्णालयाशी बोला. औषधाचं तर मासिक बिल वर्षानुवर्षांचं असतं. चार महिने पैसे पुरले आणि पाचव्या महिन्यात थांबलं, असं होणार असेल तर सुरू न करणं जास्त हिताचं.

सरकारी सोय माहीत असावी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी चालतो. महाराष्ट्रातली त्याची केंद्रं सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाने असतात. तिथे वजन, पाळी, मनाचा ताण यांवर मोफत आणि खासगीत बोलता येतं. हार्मोनच्या किंवा सर्जनच्या सल्ल्यासाठी मग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं.

पायरी ७: तीन महिन्यांनी परत बसा

निवड एकदाच करून संपत नाही. तीन महिन्यांनी मुलाने लिहिलेलं पहिलं वाक्य काढायचं, तपासण्या शेजारी ठेवायच्या आणि पाहायचं. चांगलं चाललं असेल तर काही बदलू नका, फक्त भेटी सोडू नका. काहीच हललं नसेल तर पुढचा पर्याय उघडायचा, आणि त्यात कुणाची हार मानायची नाही.

त्या मुलीच्या घरी औषधाबद्दल दोनदा सविस्तर बोलणं झालं. एचबीए१सी ६.० होतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तिने स्वतः सांगितलं की आधी सहा महिने घरात करून बघते, सुई नको. आम्ही ते मानलं, आणि सहा महिन्यांनी साखर उतरली नाही तर औषधावर पुन्हा बोलायचं हेही त्याच कागदावर लिहिलं. पहिल्या तीन महिन्यांत तिचं वजन दीड किलोने उतरलं. बाबांना ते फारच कमी वाटलं. तिने मला सांगितलं की आता दुसऱ्या मजल्यावर नाडी बांधायला थांबावं लागत नाही, तिसऱ्यावर पोचल्यावर थोडं थांबते.

पहिल्या भेटीला जाताना

एक साधी फाइल करा. उंची-वजनाच्या जुन्या नोंदी, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, घरात मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड कुणाला आहे त्याची यादी, मुलीच्या पाळीच्या तारखा, तीन दिवसांचं खरंखुरं खाणं, त्यात आजीने हळूच दिलेला लाडूही लिहा. रक्ताच्या तपासणीसाठी उपाशी जायचं असेल तर डबा बरोबर घ्या, नाहीतर ओपीडीबाहेरच्या टपरीवर समोसा खाऊनच दिवस सुरू होतो. सकाळची वेळ घ्या म्हणजे शाळा अर्धीच बुडेल. आणि मानेला लिंबू-बेसन लावणं आजपासून बंद करा. आग होत असेल तर नुसतं खोबरेल पुरे.